हवेच्या तळाशी राहणारी माणसं

विमलबाई वारल्याचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या मुलांचं कन्नड शुद्धलेखन तपासत होते. गुलबर्ग्याहून त्यांचा भाचा बोलत होता. "अक्का, आत्या गेल्या. पहाटं, झोपीतच." एवढंच बोलला आणि थांबला. वर्गात तीसेक मुलं बसली होती, त्यांतल्या मोठ्या मुलांना पहिली-दुसरीत विमलबाईंनीच शिकवलं होतं. फोन ठेवल्यावर एका मुलीनं विचारलं, "काय झालं अक्का?" मी म्हणाले, "आपल्या मोठ्या बाई वारल्या." 'गेल्या' म्हणाले नाही, 'देवाघरी गेल्या' तर नाहीच नाही. तो शब्द मी या शाळेत दहा वर्षांपूर्वी सोडला. का सोडला, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. बाई वारल्याला आता पाच आठवडे झाले.

कर्नाटकातल्या औराद तालुक्यातल्या आमच्या गावाची सरकारी मराठी शाळा दोन खोल्यांची. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक. मी कोहिनूर गावची. घरी आई-अप्पा एकमेकांशी कन्नडमध्ये आणि आम्हा पोरांशी मराठीत बोलायचे. नेमणुकीचा कागद घेऊन मी इथं आले तेव्हा विमलबाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला, आवाज असा की समोरच्या पारावरची माणसं सावरून बसायची. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला होता, मूलबाळ नव्हतं. भावाच्या घरी, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्या राहायच्या. पहिल्याच दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला, ज्वारीची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे धरली आणि माझ्या हाताकडे बघत राहिल्या. आमचं घर लिंगायत, त्यांचं बौद्ध. भाकरी मी घेतली. पण खोटं कशाला लिहू… घेण्याआधी माझा हात क्षणभर थांबला होता. बाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी भाकरी पुढे आली, तेव्हा हात थांबला नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्याअखेर शेजारच्या गावची जत्रा झाली आणि दुसरीतली अश्विनी वर्गात एक फुगा घेऊन आली. गॅसचा, लाल, दोऱ्याला बांधलेला. तिनं दोरा सोडला आणि फुगा सरळ आढ्याला जाऊन टेकला. सगळा वर्ग माना वर करून बसला. मग एका पोरानं खिशातून दुसरा फुगा काढला, तोंडानं फुगवला, गाठ मारून सोडला. तो लडबडत खाली आला. "अक्का, ह्यो कामून पडायलाय आन् त्यो कामून पडंना?" मी नवी होते आणि वर्ग हातचा जाईल अशी भीती सारखी वाटायची. फळ्यावर लिहिलं : हलक्या वस्तू हवेत तरंगतात. जड वस्तू खाली पडतात. "लिहून घ्या," म्हणाले. पोरं लिहू लागली.

विमलबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, फडकं घेतलं आणि माझं वाक्य माझ्यासमोर पुसून टाकलं. केसातली पिन काढून त्यांनी मुलांपुढे धरली. "ही जड हाय का हलकी?" पोरं म्हणाली, हलकी. बाईंनी पिन सोडली, ती टक्कन फरशीवर पडली. "मग ही कामून तरंगली न्हाई?" मग एका मुलीनं उलट विचारलं, "तुम्हीच सांगा की बाई." आणि विमलबाई म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाई."

कुठल्याही शिक्षकाच्या तोंडून हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते. डी. एड.ला आम्हाला शिकवलं होतं की उत्तर येत नसेल तर विषय बदला. मी चिडले होते. मधल्या सुट्टीत त्यांना म्हणाले, "बाई, पोरांसमोर माझं लिहिलेलं पुसायला नको होतं." त्या म्हणाल्या, "माझं चुकलं तर तू बी पूस." त्यानंतर आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो.

त्याच शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर त्या बसनं बिदरला आणि तिथून गाडीनं गुलबर्ग्याला गेल्या. भाच्याच्या ओळखीनं एका कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना गाठलं. सरांनी वहीची दोन पानं भरून समीकरणं लिहून दिली. बाई म्हणाल्या, "सर, हे मला थोडंथोडं कळायलंय. पर माझी पोरं सात वर्साची हायत." सर हसले आणि म्हणाले की, मग ते तुमचं काम. हा प्रसंग त्या पुढे कितीदा सांगायच्या, आणि दर वेळी त्या सरांबद्दल त्यांच्या बोलण्यात रागाऐवजी मायाच असायची. "खरं बोलला बिचारा. ते माझंच काम व्हतं."

सोमवारी त्यांनी सगळ्या मुलांना हातपंपावर नेलं. पत्र्याची मोठी बादली भरली आणि एक प्लॅस्टिकचा चेंडू पोरांच्या हातात दिला. "ह्याला तळाशी नेऊन बसवा." पोरं दाबायची, चेंडू निसटून वर उडायचा. पाणी सगळ्यांच्या अंगावर, माझ्याही. "कोण ढकलायलंय त्याला वर?" पाणी, पोरं ओरडली. मग त्यांनी दगड सोडला, तो बुडाला. "पाण्यानं ह्याला बी ढकललं. पर तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा दगूड जड, म्हून पाण्याला त्यो पेलला न्हाई. चेंडू हलका, म्हून पेलला." मग पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "आता ऐका. मासा पाण्यात ऱ्हातो, तसं आपण बी एका तळ्यात ऱ्हातोत. हवेच्या. आपण हवेच्या तळाशी ऱ्हाणारी माणसं हाओत. त्यो लाल फुगा म्हंजे चेंडू. आत गॅस भरलाय, हवेपेक्षा हलका. म्हून हवा त्याला वर ढकलायलीय."

एक पोरगं म्हणालं, "हवेला कुठं वजन असतंय?" त्याचंही उत्तर बाईंनी तोंडानं दिलं नाही. खराट्याची एक लांब काडी घेतली, मधोमध दोरा बांधून टांगली, दोन टोकांना तोंडानं टच्च फुगवलेले दोन फुगे लावले आणि काडी सरळ होईपर्यंत दोरा सरकवत बसल्या. अर्धा तास गेला असेल. मग एका फुग्याच्या गाठीजवळ टाचणीनं बारीक भोक पाडलं. हवा सुसू करत बाहेर गेली, आणि ज्या फुग्यात हवा होती तिकडची बाजू हळूच खाली झुकली. अगदी थोडी. पण तीस डोळ्यांच्या जोड्या त्या काडीवर होत्या आणि सगळ्यांना ती झुकताना दिसली. मलाही दिसली. हवेला वजन असतं हे मी पाठ केलेलं होतं, पाहिलं त्या दिवशी. त्या दुपारी मी स्वतःहून माझा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

पुढे त्यांच्या डोक्यात आलं की गॅस न भरता आपणच काहीतरी उडवायचं. तापलेली हवा गार हवेपेक्षा हलकी, हे त्यांनी त्या दोन पानांतून शोधलं होतं. औरादच्या बाजारातून पतंगाचा कागद आणला, कणकेची खळ शिजवली आणि मुलांबरोबर बसून कागद जोडून माणसाएवढी पिशवी केली. तोंडाला बांबूच्या कामट्यांचं कडं. खाली तुरीच्या वाळल्या काड्यांचा, तुराट्यांचा जाळ, त्यावर पत्र्याचं नळकांडं, म्हणजे फक्त ऊन हवा पिशवीत जाईल आणि ज्वाळा लागणार नाही. सगळं तयार झालं तो मार्चचा महिना होता. पिशवी उडवायची त्याच दिवशी शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा तपासायला आले. बाईंनी दुपारी बारा वाजता, भर उन्हात, त्यांच्यासमोर जाळ केला. पिशवी फुगली, डुलली… आणि तिथंच राहिली. बाईंनी तुराट्या वाढवल्या, कागदाची एक कड करपली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाई, हे अभ्यासक्रमात नाही. पाढे कच्चे आहेत मुलांचे, ते बघा," म्हणाले आणि गेले. मला, आज सांगायला लाज वाटते, थोडं बरं वाटलं होतं.

पोरं हिरमुसून पांगली. अश्विनी तेवढी राखेजवळ बसून राहिली. मग बाईंना म्हणाली, "बाई, आत बी ऊन हवा, भाईर बी ऊन हवा. मग हलकं कसं व्हईल?" विमलबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की मी ते विसरलेले नाही. त्या मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. "महादेवी," त्या मला म्हणाल्या, "ऐकलीस का? सरांच्या दोन पानांत हे व्हतं, मला दिसलं न्हाई. हिला दिसलं!" पिशवीची घडी घालून त्यांनी ती कपाटावर ठेवली. "आता थंडी येऊ द्या," म्हणाल्या. आम्ही दहा महिने थांबणार होतो.

पण त्या उन्हाळ्यात अश्विनीची आई वारली. काविळीनं, आठ दिवसांत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आली, जागेवर बसली, आणि बोलेना. रडतही नव्हती. खिडकीतून वर बघत बसायची. जुलै निम्मा झाला असेल तेव्हा एक दिवस ती विमलबाईंजवळ गेली. मी शेजारीच वह्या तपासत होते. तिनं विचारलं, "बाई, समदे म्हनायलेत आई वर गेली. माझी आई हवेपेक्षा हलकी झाली का?"

त्या वेळी मी काय सांगितलं असतं ते मला ठाऊक आहे. व्हय बाळा, म्हणाले असते. चांदणी झाली, म्हणाले असते. विमलबाईंनी तिला मांडीवर घेतलं. "न्हाई. आई वर गेली न्हाई. माणूस हलकं व्हत न्हाई. आई वारली. तुमच्या शेतात चिंचेखाली तिला मातीत ठेवलं. तू व्हतीस की तिथं." अश्विनी म्हणाली, "मग ती परत येणार न्हाई?" बाई म्हणाल्या, "न्हाई." आणि पोर रडू लागली. आई वारल्यापासून पहिल्यांदाच. दोन्ही वर्ग बंद पडले. बाई तिला धरून तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आजी शाळेत आली. अंगणातूनच ओरडत आली. "काल दुपारपसनं लेकरू रडायलंय, जेवलं न्हाई! तुला कुणी सांगितलं तिचं मन मोडायला? आमच्या घरातल्या मेलेल्या माणसावर बोलणारी तू कोण गं?" त्या 'तू कोण'मध्ये काय काय होतं ते सगळ्या गावाला कळण्यासारखं होतं. विमलबाई मान ताठ ठेवून उभ्या होत्या. आजी माझ्याकडे वळली, कारण मी तिच्याच जातीची, लिंगायत. "तू तर सांग बाई, ही रीत हाय का?" आणि मी म्हणाले, "बाईंचं चुकलं, आजी. मी बोलते त्यांच्याशी." विमलबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आत गेल्या आणि पाढे सुरू केले. आजीनं अश्विनीला शाळेत पाठवणं बंद केलं.

तीन आठवडे तिची जागा रिकामी होती, पाटी तेवढी तिथं होती. बाई रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या घरावरून जायच्या, ओट्यासमोर घटकाभर उभ्या राहायच्या. कुणी बस म्हणायचं नाही. आजी भांडी आपटत आत जायची. मी बाईंना एकदा म्हणाले, "कशाला जाताय अपमान करून घ्यायला?" त्या म्हणाल्या, "पोरगी खिडकीतून बघायलीय. मी पळून गेले न्हाई, एवढं तिला दिसू दे."

चौथ्या आठवड्यात आजी अश्विनीचा हात धरून शाळेत आली. या वेळी ओरडली नाही. दाराशी टेकली, पदर तोंडाला लावला आणि विमलबाईंना म्हणाली, "तुला एक सांगायचंय. ही पोर उन्हाळ्यापसनं रोज संध्याकाळी माळवदावर चढायची. कठड्याबिगर माळवद. कडंला जाऊन, टाचा उचलून, हात वर करून उभी ऱ्हायची. म्या किती मारलं, ऐकंना. आई जवळून दिसती म्हनायची." आजीनं अश्विनीला जवळ ओढलं. "तू बोललीस त्या दिवसापसनं चढली न्हाई. एकदा बी. आता चिंचेखाली जाऊन बसती, रडती, बोलती, परत येऊन भाकरी खाती." बाईंनी आजीला आत घेतलं, सतरंजीवर बसवलं, तांब्यातून पाणी दिलं. आजी ते प्याली. मी कोपऱ्यात उभी होते. माझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं आणि तेच बरं होतं.

पौषातल्या एका सकाळी, सूर्य वर यायच्या आत, आम्ही अंगणात जाळ केला. तोंडातून वाफ निघत होती. बिसियूट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, शिजवणाऱ्या कलावतीबाईंनी तुराट्या लावल्या. पिशवीचं कडं चार पोरांनी धरलं होतं, त्यांत अश्विनी होती. कागद आधी सळसळला, मग उभा राहिला, मग ओढ घेऊ लागला. "बाई, वर जायलंय! हातातनं सुटायलंय!" "सोडा मग!" त्यांनी सोडलं. हिरवी-पिवळी पिशवी शाळेच्या छपरापेक्षा उंच गेली, लिंबाच्या शेंड्याच्याही वर गेली, आणि तिथं गेल्यावर तिच्यावर ऊन पडलं, जे खाली आमच्यापर्यंत अजून आलेलं नव्हतं. मग आतली हवा निवली आणि ती हळूहळू तुरीच्या रानात उतरली. पोरं धावली. अश्विनी सगळ्यांच्या पुढे होती. विमलबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, डोळ्यांत धुराचं पाणी, निदान त्या तरी धुराचंच म्हणाल्या. त्यानंतर त्या निवृत्त होईपर्यंत दर पौषात हे होत राहिलं. पुढच्याच वर्षी तेच साहेब, न बोलावता, पहाटे मोटारसायकलवरून आले होते. स्वेटर घालून, मुलाला घेऊन.

निवृत्तीनंतर बाईंचे श्वासाचे हाल सुरू झाले आणि भाच्यानं त्यांना गुलबर्ग्याला नेलं. दिवाळीनंतर मी भेटायला गेले ती शेवटची भेट. पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, नाकात नळी. "सारा जन्म हवेवर बोलले महादेवी," म्हणाल्या, "आता तीच पुरंना झालीय." हसल्या, खोकल्या. मी दहा वर्षं मनात ठेवलेलं बोलले. म्हणाले, "बाई, आजी आली होती त्या दिवशी मी तुमच्या बाजूनं बोलले नाही." त्यांना ते लागलं नव्हतं असं त्या म्हणाल्या नाहीत. "लागलं व्हतं मला," म्हणाल्या. "लई दिवस. पर दुसऱ्या दिवशी तू माझ्या आधी येऊन अश्विनीच्या जागंवर तिची पाटी पुसून ठिवलीस. रोज ठिवायचीस, तीन आठवडे. ते बी मी बघितलं की." मला वाटत होतं ते कुणाला दिसलं नाही.

गावच्या विहारात बाईंसाठी वंदना झाली त्या दिवशी अश्विनी बिदरहून आली होती, आजीला हाताला धरून. ती आता कॉलेजात आहे, कॉमर्सला. विज्ञान का नाही घेतलंस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मला हिशेब आवडतात अक्का." वंदना संपल्यावर आमची पहिली-दुसरीची पोरं तिच्याभोवती जमली. एकानं तिला विचारलं, मोठ्या बाई कुठं गेल्या. ती पायरीवर बसली, त्याच्या उंचीला आली आणि म्हणाली, "कुठं गेल्या न्हाईत. वारल्या. रडायला आलं तर रड, मी बी रडायलेय." आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंची एक सवय सांगायची राहिली. मुलं एखाद्या प्रश्नावर भांडू लागली की त्या खुर्ची सोडायच्या, सतरंजीवर तिसऱ्या ओळीत मुलांच्या मधे मांडी घालून बसायच्या, आणि ज्याला उत्तर सुचलंय त्याला फळ्याकडे पाठवायच्या. आधी मला ते शिस्त मोडणं वाटायचं. गेल्या आठवड्यापासून मी बसायला लागले. गुडघे दुखतात. तिथून फळा उंच दिसतो, आणि समोर उभं असलेलं लेकरू मोठं दिसतं. काल दुसरीतली रेश्मा रुईची म्हातारी घेऊन आली. तिनं फुंकर मारली, ती पांढरी म्हातारी वर्गभर हिंडत राहिली, आणि सगळी पोरं म्हणाली, तरंगायलीय. रेश्मा फळ्याजवळून म्हणाली, "न्हाई. ही तरंगंना. पडायलीय. पर हवा तिच्या केसांत अडकायलीय, म्हून दमानं पडायलीय." तिच्या बोलण्यात भर घालावी असं मला फार वाटलं. "बरोबर, म्हणजे बघा मुलांनो…" मी सुरू केलं.

रेश्मानं खडू माझ्याकडे रोखला. "अक्का, मधी बोलू नका. आधी हात वर करा."

मी हात वर केला.